मूळआईच्या पावलाचं माप

मोठ्यांच्या पाया पडताना डोळे मिटायचे, आणि का मिटायचे ते विचारायचं नाही.

फार फार पूर्वी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात हा नियम होता. मुलं उभी राहायला शिकली की वाकायला शिकत, आणि वाकायला शिकली की डोळे मिटायला. एखाद्याने का म्हणून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असे : "विचारणाऱ्याचे पाय वाकडे होतात." मूल गप्प बसे. लहानांना गप्प करायला मोठ्यांना फार शहाणपण लागत नाही, थोडी भीती पुरते.

गावाच्या वरच्या अंगाला एक झरा होता, आणि झऱ्याकाठी एक काळा दगड. त्या दगडात एक पाऊल उमटलेलं होतं. सुबक, नाजूक, पाचही बोटं स्पष्ट. ते मूळआईचं पाऊल. मूळआई तहानलेल्या गुरांमागे डोंगर चढून आली, तिने चिखलात पाय रोवला, तिथून पाणी उसळलं आणि चिखलाचा दगड झाला. त्या पाण्यावर गाव वसलं. दगडाशेजारी कोनाड्यात चांदीची एक डबी होती. डबीत मूळआईचा दात होता. वर्षातून एकदा, ठरलेल्या पौर्णिमेला, ती डबी उघडत.

त्याच दिवशी गावातल्या सोळा वर्षांच्या मुलींना मानाचे जोडे मिळत. लाल चामड्याचे, पुढून बंद, कडक. सगळ्यांचं माप एकच, मूळआईच्या पावलाचं. एकदा पायात आले की घराबाहेर दुसरं काही घालायचं नाही, ते थेट मरेपर्यंत. घरातही बाया पाय लुगड्याच्या घोळात झाकून ठेवत. पुरुषांच्या वहाणांना असं ठरलेलं माप नव्हतं. ज्याचा पाय, त्याचं माप.

जोडे घालून बाया तोकडी पावलं टाकत, जराशा पुढे झुकून. गावाला ती चाल फार आवडे. तिला मूळआईची चाल म्हणत. तिशी उलटली की त्याच बायांचे गुडघे दुखत, मग कंबर धरे, मग मान आखडे, मग दुपारचं डोकं ठणके. त्याला बाईपणाचं दुखणं म्हणत. वैद्याकडे कमरेचं तेल होतं तीन तऱ्हेचं, डोक्याला लेप होता, गुडघ्याला शेक होता. पायाचं औषध मात्र नव्हतं, कारण बायांचे पाय त्यानेही कधी पाहिले नव्हते. डोळे मिटण्यात तो लहानपणापासून हुशार होता.

याच गावात भिवरा नावाची मुलगी राहत होती. येत्या पौर्णिमेला तिला जोडे मिळायचे होते. घरात आई होती, बाबा होते, आठ वर्षांची धाकटी बहीण ठकू होती आणि चांद्या नावाचा बैल होता.

भिवराची आई लहानपणी गावात सगळ्यांच्या आधी झऱ्यावर पोचायची. ठकूच्या जन्मानंतर तिला ती चढण जमेनाशी झाली. गेली चार वर्षं तर तिने झरा पाहिलाही नव्हता. पाणी मुली आणत. आई उंबऱ्यात बसून विचारी, "आज कसा वाहतोय गं? खळखळ की झुळझुळ?" ठकू आवाज काढून दाखवी. आई डोळे मिटून ऐके.

भिवराला ते बघवत नसे. झऱ्यापर्यंतचं अंतर होतं तरी किती? दोनशे पावलं. आणि आईचं वय छत्तीस.

पौर्णिमेला बारा दिवस उरले असताना चांद्याने चारा सोडला. त्याची मान सोलवटली होती, जू ठेवू देत नव्हता. बाबांनी मानेला हळद लावली, तेल लावलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी बाबांनी नाल ठोकणाऱ्या म्हाताऱ्याला बोलावलं.

म्हाताऱ्याने मानेकडे पाहिलंसुद्धा नाही. तो खाली बसला, चांद्याचा पुढचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि म्हणाला, "हा नाल कुणी ठोकला?"

"मागच्या बाजारात ठोकून घेतला," बाबा म्हणाले. "का?"

"खुराहून लहान आहे. बैल या पायावर भार देत नाही, म्हणून खांदा एकीकडे कलतो. खांदा कलला की जू तिरकं बसतं, आणि जू तिरकं बसलं की मान सोलते. तुम्ही मान चोळत बसलात."

"पण दुखणं तर मानेला होतं."

"दिसत मानेला होतं," म्हातारा म्हणाला, आणि त्याने चिमट्याने नाल उपटला.

बाजूला उभ्या असलेल्या भिवराने विचारलं, "आजोबा, माणसाचंही असंच असतं का हो?"

म्हातारा हसला. "मी माणसांना नाल ठोकत नाही, पोरी. त्यांना कोण ठोकतं ते तूच बघ."

चार दिवसांत चांद्या चारा खाऊ लागला. बाबा सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटले की मानेचं दुखणं खुरात निघालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बैलाच्या बाबतीत गावात शहाणपणाला तोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा नेहमीसारखी आईच्या पाया पडायला वाकली. आणि तिने डोळे उघडे ठेवले.

आईचा अंगठा शेजारच्या बोटावर चढून बसला होता. करंगळी दिसतच नव्हती, ती आत दुमडली होती. नखं काळी पडली होती. तळव्यावर कुरूप होतं, आणि टाचेच्या भेगा इतक्या खोल होत्या की त्यांत माती रुतून राहिली होती. या पायांना भिवराने रोज हात लावला होता. गेली कित्येक वर्षं, रोज सकाळी.

"डोळे मीट," आई म्हणाली.

"मिटलेच होते की इतकी वर्षं. काय दिसलं?"

आईने पाय लुगड्यात ओढून घेतले. "बघण्यासारखं काही नाही त्यात."

"आहे. तुझे गुडघे आहेत त्यात. कंबर आहे. दुपारची डोकेदुखी आहे."

"शहाणीच आहेस. पायात डोकेदुखी असते का कुठे?"

"चांद्याची मान खुरात होती, आई."

भिवराने परातीत कोमट पाणी आणलं, त्यात मूठभर मीठ टाकलं आणि आईचे पाय आपल्या हातांनी त्यात ठेवले. आई आधी लाजली, मग रागावली, मग बोलायची थांबली. पाणी गार होत आलं तेव्हा हळूच म्हणाली, "माझ्या आईचे पाय कसे होते, मला ठाऊक नाही गं. मी कधी बघितलेच नाहीत."

भिवराने ते पाय पुसून तेल चोळलं. मग कोपऱ्यातल्या बाबांच्या जुन्या वहाणा आणून पुढ्यात ठेवल्या. मऊ पडलेल्या, ऐसपैस. मागून सुटू नयेत म्हणून तिने त्यांना जुन्या धोतराच्या पट्ट्या बांधल्या.

"पुरुषाच्या वहाणा?" आई म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या बाईला चालता येतं."

"तुझ्या तोंडाला कोण लागणार," असं म्हणत आईने पाय वहाणांत सरकवले. बोटं पसरायला जागा होती. पण पसरायचं कसं ते बोटं विसरून गेली होती.

पहिले दोन दिवस आईच्या पोटऱ्या इतक्या दुखल्या की तिने भिवराला चार शब्द सुनावले. तिसऱ्या रात्री कूस बदलताना ती कण्हली नाही. सहाव्या दिवशी दिवेलागण झाली आणि भाकरी थापता थापता आई मध्येच थांबली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. आज दुपारी डोकं दुखायचं राहूनच गेलं."

अंगठा मात्र वाकडाच राहिला. तो तसाच राहणार होता. उशिरा पाहिलेल्या सगळ्याच गोष्टी सरळ होत नाहीत.

पौर्णिमा उजाडली. सारं गाव झऱ्यावर जमलं. वडाखाली पाच वडीलधारे बसले. दगडापाशी मोठी काकी बसली. माप घेण्याचा मान तिच्या घराण्याचा होता आणि तिचा शब्द कुणी मोडत नसे. तिला बसलेल्या जागेवरून उठवायला दोन बाया लागत, पण तेही मानाचंच समजलं जाई. शेजारी जोडे शिवणारा सोनबा लाल जोडे मांडून बसला होता.

तेवढ्यात पायवाटेवरून फटक फटक आवाज आला. भिवराची आई बाबांच्या वहाणा घालून, एक हात ठकूच्या खांद्यावर ठेवून, वर येत होती. दर वीस पावलांवर ती थांबे, श्वास घेई आणि पुन्हा चालू लागे.

"आज नवऱ्याच्या वहाणा घातल्यास, उद्या पागोटं घालशील," एक बाई म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"वहाणांनी वर तर आणलं," आई म्हणाली. "जोड्यांनी चार वर्षं उंबऱ्यात बसवलं होतं." ती झऱ्याशी बसली आणि तिने पाण्यात हात घातला. "झुळझुळ वाहतोय," ती म्हणाली, आणि नंतर बराच वेळ तिने कुणाकडे पाहिलं नाही.

मोठ्या काकीचं तोंड आंबट झालं. पण मुहूर्त टळू द्यायचा नव्हता. तिने भिवराला बोलावलं. "ठेव पाऊल."

भिवराने दगडातल्या पावलावर आपलं पाऊल ठेवलं. टाच दोन बोटं बाहेर राहिली.

"राहू दे," काकी म्हणाली. "सगळ्यांचीच राहते. पाय आधी कुरकुरतो, मग दमतो, मग बसतो."

"पाय बसत नाही, काकी. मोडतो."

"माझ्या सासूने घातले, मी घातले. मेलो का आम्ही?"

"नाही मेलात. पण चाललात कुठे?"

वडाखाली कुजबुज झाली. काकीने ती ऐकलीच नाही असं दाखवून कोनाड्यातली डबी काढली आणि झाकण उघडलं. दर वर्षीसारखी सगळी मुलं दात बघायला पुढे झाली. सगळ्यांत पुढे ठकू.

"अगंबाई," ठकू म्हणाली, "माझाही असाच पडला." आणि तिने तोंड उघडून पुढची रिकामी जागा सगळ्यांना दाखवली.

"तो मूळआईचा दात आहे, तुझ्यासारखा कसा असेल?" काकी म्हणाली, आणि चाळीस वर्षं जे तोंडपाठ सांगत आली होती ते सांगू लागली, "ज्या दिवशी पाणी लागलं, त्याच दिवशी मूळआईचा दुधाचा दात..."

ती तिथेच थांबली.

"दुधाचा?" भिवराने विचारलं.

उत्तराची वाट बघण्याएवढा धीर ठकूला कुठला? भिवराने पाय काढलेला पाहून तिने आपला पाय दगडात ठेवला. टाच टाचेत बसली, बोटं बोटांत बसली. साच्यात गूळ बसावा तशी.

"मला बरोबर होतंय," ती आनंदाने म्हणाली.

काकीने डबीतल्या दाताकडे पाहिलं. कितीतरी पिढ्यांच्या मोठ्या बाया आठ वर्षांच्या मुलीच्या मापात पाय कोंबत आल्या होत्या, आणि ती गोष्ट चांदीच्या डबीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती.

सोनबा खाली मान घालून म्हणाला, "मी एकदा विचारलं होतं, पायाचं माप घेऊ का म्हणून. मला सांगितलं, दगडाचं घे."

"मूळआई पुढे मोठी झाली असेल," भिवरा म्हणाली. "तिचा पायही वाढला असेल. दगड तेवढा वाढला नाही, त्यात त्याची चूक नाही. पण मी हे जोडे घालणार नाही. आणि ठकूचा पाय वाढेल तेव्हा तीही घालणार नाही."

वडाखालून सगळ्यांत म्हातारा माणूस म्हणाला, "पोरी, विचारणाऱ्याचे पाय वाकडे होतात, ठाऊक आहे ना?"

"आजोबा, इथे ज्यांनी कधीच विचारलं नाही, त्यांचे पाय बघा."

म्हाताऱ्याची नजर समोरच्या बायांच्या लाल जोड्यांवरून फिरली.

भिवरा मोठ्या काकीसमोर गुडघ्यांवर बसली. तिने वाकून नमस्कार केला. मग दोन्ही हातांनी काकीच्या पायातला एक लाल जोडा हळूच सैल केला, काढला, आणि ते दुमडलेलं, दमलेलं पाऊल आपल्या मांडीवर घेतलं.

"डोळे मीट, पोरी," काकी म्हणाली. पण तिच्या आवाजात आता हुकूम नव्हता, आणि पाय तिने मागे ओढला नाही.

"नाही, काकी," भिवरा म्हणाली. "पाया मी रोज पडेन. डोळे मिटणार नाही."

सोनबाने कोळसा उचलला, फळी पुढे ओढली आणि तिच्यावर भिवराचं पाऊल रेखायची वाट बघत बसला. त्याला कुणी थांबवलं नाही. झऱ्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

बोध : ज्यांच्या पाया पडायचं त्यांचे पाय आधी उघड्या डोळ्यांनी बघावेत, कारण पायाला जे खुपतं ते साऱ्या अंगाला भोगावं लागतं.