लिंबाजीच्या खोलीची फेरतपासणी

एका गावात एक भोळा लिंबाजी राहायचा. तसे त्या गावात भोळे बरेच होते, पण ते कामापुरते भोळे. लिंबाजी बारमाही भोळा. सांगाल तेवढंच करायचा, सांगाल तसंच करायचा, आणि एकदा शिकवलेलं कधी वाया जाऊ द्यायचा नाही. फक्त ते वापरायची वेळ त्याची नेहमी चुकायची.

गावाचं नाव झरेगाव. एका वर्षी लिंबाजीच्या घराची भिंत कोसळली आणि भिंतीमागोमाग आढंही खाली आलं. सरकारनं त्याला भाड्याच्या खोलीसाठी दरमहा मदत लावून दिली. खोली लहान होती, पण लिंबाजी एकटाच होता. त्याचं बरं चाललं होतं.

मग त्याची थोरली बहीण सोजर माळ्यावरून उतरताना पडली आणि तिचा पाय मोडला. लिंबाजीनं खोलीला कुलूप लावलं आणि धावत तिच्या गावी वडाळीला गेला. बहिणीवर त्याचा फार जीव. तो पाणी भरायचा, शेण काढायचा, भाकरीसुद्धा थापायचा. भाकरी गोल होत नसे, पण खाणाऱ्यानं काय तिची गाडी करायची आहे? भाऊ आल्याचा सोजरला आनंद झाला. तिच्या नवऱ्याला, गोरखला, पहिले चार दिवस झाला.

अशात तालुक्याच्या कचेरीतून लिंबाजीच्या नावे कागद झरेगावहून फिरत वडाळीला आला. गोरखनं तो मोठ्यानं वाचला. दरवर्षीची नेहमीची फेरतपासणी होती. भाड्याची मदत घेणारा माणूस त्याच खोलीत राहतो की नाही, एवढंच विचारलं होतं. सगळ्यांनाच असा कागद येतो, घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण गोरख घाबरला. फेरतपासणी बिनसली तर मदत बंद. मदत बंद तर खोली गेली. आणि खोली गेली तर लिंबाजी जन्मभर वडाळीत. शेवटचं वाक्य तो बायकोसमोर बोलला नाही. माणूस वाईट नव्हता गोरख. त्याला फक्त रोज सकाळी आपल्याच घरात आपलं धोतर शोधावं लागत होतं, कारण लिंबाजी ते नेसून पाण्याला गेलेला असायचा.

"लिंबाजी," गोरख म्हणाला, "उद्या कचेरीत जा. म्हणावं, खोली माझीच हाय, भनीकडं मी पाहुणा हाय. काय?"

"पाहुणा हाय," लिंबाजी म्हणाला.

"तेवढं इसरू नको. तू पाहुणा."

लिंबाजी विसरला नाही. तो कचेरीत गेला, दारात चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन हात-पाय धुतले, साहेबांच्या शेजारची खुर्ची ओढून ऐसपैस बसला आणि घरच्या मंडळींची चौकशी केली. बिडकर साहेबांनी चष्मा खाली घेतला.

"कोण आपण?"

"पाहुणा," लिंबाजी म्हणाला.

साहेबांना वाटलं, बायकोच्या माहेरचं कुणीतरी असेल. त्यांनी चहा मागवला. लिंबाजीनं आपला प्याला, म्हणजे होता तो एकच प्याला, पिऊन टाकला आणि जेवायला किती वेळ आहे ते विचारलं. मग शिपायानं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं. जाता जाता त्याचं नाव-गाव आणि सध्याचा मुक्काम तेवढा विचारून घेतला, म्हणून साहेबांना कळलं की हा फेरतपासणीचा माणूस. "मीच वडाळीला जाऊन त्याला विचारून बघतो," साहेब म्हणाले.

संध्याकाळी गोरखनं कपाळाला हात लावला. "लेका, कचेरीत पाहुणा व्हतात व्हय? तिथं रांग असती. आपल्या म्होरं माणसं असली तर गुमान माघं उभं ऱ्हायचं. आपला लंबर आल्याबगर तोंड उघडायचं न्हाय. मग देव जरी बोलला तरी न्हाय."

"बरं," लिंबाजी म्हणाला. आणि ते त्यानं मनात पक्कं बसवलं.

दुसऱ्या दिवशी गोरख शेतात गेला होता. लिंबाजी हंडा घेऊन परतला, तर दारात माणसं उभी. सर्वांत पुढं ताक मागायला आलेली म्हातारी, तिच्यामागं कासार, आणि कासारामागं बिडकर साहेब, हातात कागद घेऊन. लिंबाजी हंड्यासकट साहेबांच्या मागं उभा राहिला.

साहेब वळून म्हणाले, "लिंबाजी इथेच असतो का?"

लिंबाजीनं ओठ घट्ट मिटले आणि बोटानं खुणावलं, आधी तुमचं होऊ द्या.

"अहो, लिंबाजी कोण?"

लिंबाजीनं पुन्हा पुढं बोट केलं. साहेबांना वाटलं, कासारच लिंबाजी. कासार म्हणाला, मी नाही. म्हातारीला ऐकू कमी येत होतं, ती म्हणाली, ताक नाही तर नाही, दही असलं तरी चालंल. आत खाटेवरून सोजरनं हाका मारल्या, पण तिला उठता येत नव्हतं आणि लिंबाजीला बोलता येत नव्हतं. साहेबांनी कागदावर "माणूस आढळला नाही" असं लिहिलं आणि निघून गेले. मग म्हातारी गेली, कासार गेला. लिंबाजीचा नंबर लागला. तो उंबऱ्याशी आला आणि रिकाम्या दाराला म्हणाला, "मीच लिंबाजी."

गोरखनं ते ऐकलं आणि त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. सकाळी उठून तो स्वतः कचेरीत गेला, हातापाया पडला. साहेब म्हणाले, "ठीक आहे, एकदा आणखी बघतो."

घरी येऊन गोरखनं लिंबाजीला समोर बसवलं. "आता नीट ऐक. दारात माणूस आला की म्होरं व्हायचं. हात धरून घरात आणायचं. पाटावर बसवायचं, खायला घालायचं. जेवल्याबगर सोडायचंच न्हाय. तो काय बाय बोलाय लागला तर म्हणायचं, आधी जेवा."

"आधी जेवा," लिंबाजी म्हणाला.

तिसऱ्या प्रहरी दारात माणूस आला. पण तो साहेब नव्हता. तो शेजारचा सर्जेराव होता. बांधावरून त्याचं आणि गोरखचं वाकडं होतं, कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. आज तो बोलायला आला होता, आणि पळत आला होता.

"ए, तुमची म्हस..."

लिंबाजीनं पुढं होऊन त्याचा हात धरला.

"अरं सोड. म्हस माझ्या..."

"आधी जेवा."

लिंबाजीच्या हाताला चांगली ताकद होती. सर्जेरावला त्यानं ओढत आत नेलं, पाटावर दाबून बसवलं, पिठलं वाढलं, भाकरी वाढली. सर्जेराव "म्हस" म्हणाला की त्याच्या पानात आणखी पिठलं पडायचं. शेवटी त्यानं विचार केला, की आता सुटायचं तर जेवूनच सुटावं. पिठलं झालंही झणझणीत होतं. तो पोटभर जेवला. तिकडं त्याच्या हिरव्यागार मक्यात गोरखची म्हैस पोटभर जेवली. दोघांचं बरोबरच उरकलं.

गोरखला आपल्या कडब्याच्या पेंढ्या सर्जेरावच्या अंगणात नेऊन टाकाव्या लागल्या. सर्जेरावनं त्या मोजून घेतल्या, आणि तरी त्याचा राग गेला नाही.

"लिंबाजी," गोरख म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता, फार थकलेल्या माणसाचा होतो तसा. "आपली वस्तू परक्याच्या जागेत दिसली तर बघत बसायचं न्हाय. कुणाला इचारत बसायचं न्हाय. जे आपलं हाय, ते उचलायचं आन् आपल्या जागी न्हेऊन बांधायचं."

"आपलं ते आपल्या जागी," लिंबाजी म्हणाला.

तेवढ्यात कचेरीचा शिपाई निरोप घेऊन आला. साहेब सोमवारी झरेगावात खोलीच बघायला येणार होते. खोली राहती दिसली तर मदत चालू, नाहीतर बंद.

गोरखचा जीव भांड्यात पडला. खोली काय, बोलत नाही, पाहुणचार करत नाही, तिच्याकडून काय चूक होणार? सोजरही आता काठी घेऊन दोन पावलं टाकत होती. सोमवारी पहाटे लिंबाजीनं झरेगावला जावं, चूल पेटवून खोलीत बसावं, आणि तिथंच राहावं, असं ठरलं. "तिथंच ऱ्हावं" हे गोरखनं पुन्हा पुन्हा सांगितलं.

रविवारी संध्याकाळी मेव्हण्याला टॉवेल-टोपीचा आहेर करायचं गोरखनं ठरवलं. बहिणीसाठी इतका राबलेला भाऊ, त्याला तसाच कसा लावून द्यायचा? चार माणसं बोलावली. सर्जेरावही कुंपणापलीकडून बघत होता. गोरखनं लिंबाजीच्या डोक्यावर नवी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला. जाणाऱ्या पाहुण्याला जे सगळेच म्हणतात, तेच तोही म्हणाला. पण पाहुणा खरंच जाणार या आनंदात जरा जास्तच भरभरून म्हणाला.

"लिंबाजी, संकोच करू नको. हे घर तुझंच हाय. हितलं समदं तुझंच हाय."

लिंबाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. सोजरही रडली. गोरखला एवढी शांत झोप कित्येक दिवसांत लागली नव्हती.

सोमवार बाजाराचा दिवस. गोरख पहाटेच बाजाराला गेला. दिवस कलता कलता परत आला, तर घराच्या आत नुसत्या भिंती होत्या. खाट नाही, हंडे नाहीत, जातं नाही, दोरीवरचे कपडे नाहीत. दोरीही नाही. दावणीला म्हैस नाही. आणि सोजरही नाही.

सर्जेराव कुंपणापाशी बसून सुपारी कातरत होता. आज त्याचा चेहरा प्रसन्न होता.

"तुझा मेव्हणा गाडी भरून गेला," तो म्हणाला. "गाडी माझीच दिली म्या. दुपारी तो साहेब आलता. त्यानं एक गोष्ट इचारली, मी खरं ते सांगितलं."

काय विचारलं, हे ऐकायला गोरख थांबला नाही. तो तडक झरेगावला पळाला.

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. चूल पेटलेली होती. दोरीवर गोरखची धोतरं वाळत होती. कोपऱ्यात म्हैस रवंथ करत होती. मधे खाटेवर सोजर पाय पसरून बसली होती.

"अवं, मला वाटलं साहेबाला दावून सांजच्याला माघारी आणील," ती म्हणाली. "मला म्हणला, आक्का, तू माझीच ना? मी म्हणलं, व्हय बाबा, तुझीच. तर ह्यानं खाटंसकट उचलली."

"साहेब आलं?" गोरखनं विचारलं.

"आलं की," लिंबाजी म्हणाला. नवी टोपी त्यानं तिरकी घातली होती. "लई खूश झालं. म्हणलं, इतकी राहती खोली मी जन्मात बघितली न्हाय."

गोरख भिंतीला टेकला. त्याला एकदम हलकं वाटलं. सामान काय, परत नेता येईल. "म्हंजी मदत चालू?"

"त्ये ऐका की. मग म्हणलं, एवढं सामान कुठनं आणलं? मी म्हणलं, माझ्या घरनं. म्हणलं, तुझं घर हाय? मी म्हणलं, हाय की, वडाळीला. दाजींनी दिलंय. चारचौघांत, टोपी घालून."

गोरखनं त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं.

"साहेब म्हणलं, ज्याला सवताचं घर त्याला मदत न्हाय. पर म्हणलं, असं कसं कुणी घर दील? वडाळीत इचारून बघतो, कुणी साक्षीदार भेटला तर खरं धरतो."

तेव्हा गोरखला सर्जेरावचा प्रसन्न चेहरा आठवला, आणि तो होता तिथंच खाली बसला. दारात खोलीचा मालक येऊन उभा राहिला होता. वडाळीहून परतताना साहेब त्याला सांगून गेले होते, की आता मदत बंद, खोली रिकामी करून घ्या. मालक म्हणत होता, आज नेलंत तर बरं, म्हैस भिंत चाटते आहे.

पुन्हा गाडी भरली. खाट चढली, हंडे चढले, जातं चढलं, सोजर चढली. म्हैस मागं बांधली. लिंबाजी पुढं बसला आणि कासरे हातात घेतले. सोजर मनातून सुखावली होती, भाऊ आता जवळच राहणार म्हणून, आणि ते तिला लपवता येत नव्हतं. गोरख मात्र रस्त्यातच उभा राहिला. गाडीत चढावं की उलट्या दिशेनं चालायला लागावं, हे त्याला ठरवता येईना.

लिंबाजीला वाईट वाटलं. त्यानं बैल थांबवले, सरकून शेजारी जागा केली आणि मायेनं हात पुढं केला.

"चला की दाजी. मी काय तुम्हाला घराभाईर काढतोय व्हय? ऱ्हावा खुशाल. भाडं बी घेणार न्हाय."