बेडकीने केलेले जागावाटप

डोंगराच्या पायथ्याशी कातळात एक कुंड होते आणि त्या कुंडावर एका बेडकीचे राज्य चालत असे. कुंड निम्मे पाण्याचे, निम्मे जमिनीचे. एका अंगाला हातभर खोल गार पाणी, दुसऱ्या अंगाला ओली वाळू आणि शेवाळ. उन्हाळ्यात ओढा आटला, की खालच्या सगळ्या डोहांचा चिखल होई. हे कुंड मात्र झऱ्यावर तगून राही. त्या ओढ्याची एक रीत होती. आटत्या दिवसांत ज्या पाण्यापाशी जो आधी येऊन बसेल, तो त्या पाण्याचा यजमान. कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे त्याने ठरवायचे. त्या वर्षी बेडकी सगळ्यांच्या आधी आली होती. तिने पाण्यात अंडी घातली, त्यांतून शेपटीवाली काळी पिल्ले निघाली. ही पिल्ले पाय फुटून काठावर चढेपर्यंत कुंडात शांतता राहावी, एवढे एकच मागणे तिच्या मनात होते. मागणे काही वाईट नव्हते, मुलांनो. अक्कल मात्र बेताची होती.

बेडकीचा ठाम समज असा, की भांडणे होतात ती जागेवरून. एकाला पाणी दिले, दुसऱ्याला काठ दिला, कोणी कोणाच्या वाटेत आले नाही, म्हणजे सगळे सुखाने नांदणार. म्हणून येईल त्याला ती गळा फुगवून एकच प्रश्न विचारी, "राहणार कुठे?" आधी सापसुरळी आली. "कोरड्या कपारीत राहीन, बाई. पाण्यात मी बोटसुद्धा बुडवत नाही," ती म्हणाली. तिला कपार मिळाली, आणि काठावर नजर ठेवायचे कामही मिळाले. मग खेकडा आला. "मी कुठेही राहतो. पाण्यात, वाळूत, मन मानेल तिथे," तो म्हणाला. "पण बेडूकताई, तू भलतंच विचारतेस. राहणार कुठे ते सोड, खाणार काय ते विचार. माझं विचारशील तर तुझी ही पोरं मी खाईन. भूक लागली की मला दम निघत नाही."

बेडकीच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या दारात उभा राहून माझ्याच लेकरांविषयी असं अभद्र बोलतोस? चालता हो!" खेकडा तिरका तिरका चालता झाला आणि दहा हातांवर चिखलातल्या एका बिळात जाऊन बसला.

तिसरे आले ते मरळ माशाचे पिल्लू. करंगळीएवढे. त्याचा डोह त्याच सकाळी आटला होता, आणि ओल्या वाळूवरून सरपटत, धापा टाकत ते कसेबसे कुंडापाशी पोचले होते. "मावशी, मी अगदी तळाशी पडून राहीन," ते म्हणाले. "तुझी पोरं वर खेळतात, खुशाल खेळू देत. मला एक कोपरा पुरे." बोलण्यात खोटे एक अक्षर नव्हते. बेडकीला गहिवरून आले आणि तिने सगळा तळ त्याच्या नावे करून टाकला. पहिल्या पंधरवड्यात त्या पिल्लाने पाण्यातल्या डासांच्या अळ्या चट्टामट्टा केल्या. "पाहुणा असावा तर असा!" बेडकी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "कुठे आहे ते कळतसुद्धा नाही." दुसऱ्या पंधरवड्यात अळ्या संपल्या आणि पिल्लाची वीतभर मरळ झाली. बेडकीला ते दिसले नाही असे नाही. पण तळाशीच आहे ना, मग वाढेना का, असे म्हणून तिने मनाची समजूत घातली.

बेडकीच्या पिल्लांना पाय फुटू लागले आणि पिल्ले कमी होऊ लागली. काठाशी नुसती वळवळ असे, तिथे आता एखाददुसरे दिसे. बेडकीने आपले जागावाटप मनात पुन्हा एकदा ताडून पाहिले. मरळ तळाशी. काठावर हिंडते कोण? सापसुरळी! "बाई, मी मुंग्या खाते," सापसुरळी रडकुंडीला येऊन म्हणाली. "तू कधी विचारलंच नाहीस." बेडकीने ऐकून घेतले नाही. "काठ तुझ्याकडे होता, जाबही तूच दिला पाहिजेस," असे म्हणून तिने भर दुपारी तिला कपारीतून काढले. पलीकडच्या करवंदीच्या जाळीत भारद्वाज टपूनच होता. बेडकीला नुसती फडफड ऐकू आली. न्याय झाला असे वाटून ती त्या दुपारी गाढ झोपली.

आठवड्याने एकच पिल्लू उरले. त्याच्याशेजारचे भावंड मरळीने आईच्या डोळ्यांदेखत गिळले. "चांडाळणी!" बेडकी किंचाळली. "तळाशी राहीन म्हणाली होतीस ना?"

"राहतेच की तळाशी," मरळ शांतपणे म्हणाली. "जेवायला तेवढी वर येते. मावशी, मी मासा आहे, शेवाळावर माझं पोट भरत नाही. तू राहणार कुठे विचारलंस, ते मी सांगितलं. खाणार काय विचारलं असतंस, तर तेही सांगितलं असतं."

मरळीला बाहेर काढावे, तर ती आता बेडकीच्या तिप्पट होती. काठावरच्या ओल्या वाळूत बसावे, तर तिथेही ती सरपटत येऊ शकत होती. उरलेले पिल्लू पाठीवर घेऊन बेडकी आपल्याच कुंडातून बाहेर पडली आणि तापलेल्या कातळावरून उड्या मारत खेकड्याच्या बिळाशी आली. "दादा, आत घे रे. तुझ्याकडे ओल आहे," ती म्हणाली.

"तू ये," आतून खेकडा म्हणाला. "तू माझ्या नांगीत मावत नाहीस. पोराला आणू नकोस. तेव्हा सांगितलं होतं, तेच आजही सांगतो."

मागे मरळ, पुढे खेकडा आणि मध्ये दहा हात पोळणारा कातळ. बेडकी पिल्लाला पोटाखाली घेऊन तिथेच बसली. तिची सावली होती तेवढीच. उन्हे कलली तेव्हा पोटाखाली काही हलत नव्हते.

"आता एकटीच आहेस," बिळातून खेकडा म्हणाला. "आता यायला हरकत नाही."

तात्पर्य : सोबतीला घेताना कोण कुठे राहणार एवढेच विचारू नये; तो खाणार काय आणि वाढून केवढा होणार, हे आधी विचारावे. आणि जो न विचारता खरे सांगून टाकतो, त्याच्यावर चिडण्याआधी त्याचे शब्द नीट ऐकून घ्यावेत.