म्हातारीचं ‘वाईट नाही’

जंगलात अजून पायवाटही पडली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. आम्हा मधमाश्यांच्या घरी ती आजही मान ताठ ठेवून सांगतात.

धनेश पक्ष्याची पिल्लं उडून गेली आणि हिरड्याच्या झाडातली त्याची उबदार ढोली रिकामी झाली. ज्यांचा मध सर्वांत सरस, त्या माश्यांना ती मिळणार होती. पोळी पुष्कळ होती, म्हणून अस्वल आणि म्हातारी वानरीण यांनी ती चाखायला अर्धी अर्धी वाटून घेतली.

करवंदीच्या जाळीतल्या माश्यांचा मध चाखून अस्वल म्हणालं, “अप्रतिम.” आमचा मध वानरिणीकडे गेला. बोट चाटून ती म्हणाली, “वाईट नाही.”

करवंदीच्या माश्या लगेच ढोलीकडे निघायच्या तयारीला लागल्या. आमच्या राणीनं मान खाली घातली.

धनेशानं मात्र विचारलं, “अस्वलभाऊ, बाकीच्या पोळ्यांना काय म्हणालात?”

“अप्रतिमच की. मध तो मध.”

“आणि आजी, तुम्ही?”

“बाकीचे सगळे मध मी थुंकून टाकले. हा एक गिळला.”

मग धनेशानं अदलाबदल केली. आमचा मध अस्वलाला दिला, ते म्हणालं, “अप्रतिम.” करवंदीचा वानरिणीला दिला. तिनं तो थुंकून टाकला.

त्या ढोलीत आम्ही अजून राहतो. एखादी पोर पहिल्यांदा मध घेऊन आली की आमची राणी तिला अप्रतिम म्हणत नाही. “वाईट नाही,” एवढंच म्हणते, आणि पोर दिवसभर मिरवते.