हमी आणि घागरभर पाणी

समुद्रालगतच्या एका सड्यावर एक वृद्ध राहत असे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. तिथे झाड नाही, आडोसा नाही. उन्हाळ्यात पाय भाजतात, आणि आभाळ गरजले की माणूस आपोआप मान खाली घालतो. त्या सड्यावर एक लहान देऊळ, देवळाला लागून दोन खोल्या आणि पलीकडे थोड्या घरांची वाडी होती. वृद्धाला सगळे आबा म्हणत. आबा कमी बोलत. त्यांच्याजवळ एक शिष्य होता. तो शहरात शिकून आलेला, मनाने चांगला आणि कामाला वाघ, पण प्रत्येक गोष्टीचे कारण कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

वाडीत गौतमी नावाची एक लहान मुलगी होती. तिला फार लवकर साखरेचा आजार जडला होता. रोज इन्सुलिन टोचावे लागे, आणि ते औषध थंडाव्यात ठेवावे लागे. तिची आई ते ओल्या वाळूत पुरलेल्या मडक्यात ठेवी. मागच्या वैशाखात ऊन इतके चढले की मडकेही तापले. औषधाचा गुण गेला आणि ते कोणाच्या ध्यानात आले नाही. मुलगी बेशुद्ध पडली. तिला डोलीत घालून पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली नेले. ती वाचली. पण तेव्हापासून ऊन चढू लागले की तिच्या आईचे बोलणे बंद होई.

वाडीने वर्गणी काढली. एक फ्रिज घ्यायचा आणि तो देवळाच्या खोलीत ठेवायचा, कारण त्या खोलीला कधी कुलूप नसते, असे ठरले. पाडव्याला आबा आणि शिष्य खाली बाजारात गेले.

फ्रिजच्या दुकानाचे मालक मोठे शेट होते. त्यांचा बंगलाही सड्याच्याच कडेला, हवेसाठी बांधलेला. त्यांनी चांगला फ्रिज काढून दिला, भावही रास्त लावला. मग ते वाढीव वॉरंटीवर आले. कंपनीची हमी पहिल्या वर्षाची असते, थोडे जास्त भरले की पुढच्या चार वर्षांची चिंता मिटते, असे त्यांनी समजावले. गौतमीची हकीकत त्यांना ठाऊक होती. पोरीच्या जिवापुढे ही रक्कम ती काय, असेही म्हणाले. शिष्याला ते पूर्ण पटले.

आबांनी विचारले, "बिघडला तर काय होते?"

"फोन करायचा. माणूस येतो. दुरुस्त झाला नाही तर कंपनी नवा देते."

"किती दिवसांत?"

"आठ-पंधरा दिवस धरा. तुमचा सडा आडबाजूला पडतो."

"मग नको," आबा म्हणाले.

शेट हसले. "आबांचा भरवसा वरच्यावर. त्याचा मेकॅनिक कधी येतो ते बघू आता." दुकानातली माणसेही हसली. आबांना राग आला नाही. त्यांनी फ्रिजचे पैसे चुकते केले. उरलेल्या पैशांतून बाजारातून तांब्याची लांब पट्टी, तांब्याचा पत्रा, गोणभर खडे मीठ आणि तेवढाच कोळसा घेतला. दुसऱ्या दिवशी वायरमन बोलावला.

देवळामागे कातळ फोडून खोल खड्डा केला. त्यात पत्रा पुरला, वर मीठ आणि कोळसा भरला. देवळाच्या कळसापासून भिंतीवरून पट्टी खाली आणून त्या खड्ड्यात सोडली. खड्डा बुजवला. वाडीतल्या टवाळ पोरांनी कळसाला शेपूट फुटली म्हणून घोषणा केली. वर्गणी देणाऱ्यांपैकी काहींना हा खर्च रुचला नाही. पण आबांना विचारणार कोण?

इथपर्यंत शिष्यानेही सोसले. पुढचे मात्र त्याला सोसवेना. आबांनी त्याला सांगितले की रोज सकाळी त्या बुजवलेल्या जागेवर घागरभर पाणी ओतायचे.

सड्यावर उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, हे खालच्या माणसाला कळणार नाही. विहीर पाखाडीच्या तळाशी. घागर खांद्यावर घेऊन चढून यायचे. वाडीतल्या बाया भांडी राखेने घासत आणि पाण्याचा हात नुसता फिरवत. आणि हा रोज घागरभर पाणी उघड्या कातळावर ओतणार. जिथे गवताची काडी नाही, तुळस नाही, तिथे. बाया त्याच्याकडे बघत. एकीने विचारले, "काय लावलंय तिथं, दगडाचं रोप?" तो मान खाली घालून पुढे गेला. त्याने आबांना कारण विचारले. आबा म्हणाले, "घाल." पुन्हा विचारले तेव्हाही तेवढेच म्हणाले. तो पाणी ओते, पण उभ्यानेच, वरून, रागाने. निम्मे उडून जाई.

आबांची दुसरीही एक ताकीद होती. आभाळात पहिला गडगडाट ऐकू आला की हातातले काम टाकून फ्रिजचा प्लग काढायचा. फ्रिजचे दार उघडायचे नाही. आभाळ निवळले की प्लग पुन्हा लावायचा. सड्यावर हे सगळेच करतात. तारांतून वीज घरात शिरते आणि आतले यंत्र जाळते, हे तिथे लहान मुलालाही माहीत असते. शिष्यही सुरुवातीला धावत जाऊन प्लग काढी.

पण त्याच्या मनातली धास्ती जाईना. आबांनी हमी नाकारली हे त्याला डाचत होते. एक दिवस तो आबांना न सांगता खाली गेला आणि स्वतःजवळचे साठवलेले पैसे शेटला देऊन त्या फ्रिजची वाढीव वॉरंटी घेऊन आला. शेट म्हणाले, "शिकलेला माणूस तो शिकलेलाच." कागद त्याने आपल्या पेटीत ठेवला. त्या दिवसापासून त्याला हलके वाटू लागले. आभाळ गरजले तरी तो आता चालत जाई.

वैशाख सरत आला. एका दुपारी उकाडा असा होता की वाडीतली कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. आबा देवळाच्या ओट्यावर बसले होते. शेजारी गौतमी आमसुले उलटीपालटी करत होती. शिष्य खोलीत पुस्तक वाचत पडला होता. समुद्राच्या अंगाने आभाळ काळे होऊ लागले. पावसाचा वास नव्हता. वारा एकदम पडला.

पहिला गडगडाट झाला. शिष्याने तो ऐकला. पान संपवून उठू, असे त्याने ठरवले. दुसरा झाला, जवळ. तेव्हा त्याच्या मनात आले की झालेच काही तर कागद आहे. त्याचा हात उठला नाही.

दारात आबा दिसले. एका हाताला गौतमी. वय झालेला तो माणूस धावत आला होता. त्यांनी मुलीला शिष्याच्या खाटेवर ढकलले, फ्रिजजवळ गेले आणि प्लग ओढून काढला. शिष्याकडे बघितलेसुद्धा नाही. मग येऊन तेही खाटेवर बसले आणि पाय वर घेतले.

त्यानंतर जे झाले ते आवाजाने सुरू झाले नाही. आधी सगळे पांढरे झाले. भिंत, खिडकी, मुलीचा चेहरा, काहीच उरले नाही, नुसता उजेड. मग आवाज आला, आणि तो कानांनी ऐकला असे म्हणता येणार नाही. तो छातीत झाला. खोलीतला दिवा फुटला. भिंतीवरचा बटनांचा बोर्ड काळा पडून त्यातून धूर निघाला. कोणाला आपण आहोत याची खात्री नव्हती.

गौतमी आधी उठली आणि मागच्या खिडकीशी गेली.

"आबा," ती हळूच म्हणाली, "कातळ श्वास सोडतोय."

शिष्य तिच्यामागे जाऊन उभा राहिला. ज्या उजाड जागेवर तो रोज पाणी ओतत होता, तिथून वाफ निघत होती. दाट, सरळ, शांत. कळस जागेवर होता. भिंतीवरची तांब्याची पट्टी वरपासून खालपर्यंत काळसर झाली होती. एवढे मोठे आभाळ त्या चिंचोळ्या पट्टीवरून उतरून, आपण ओतलेल्या पाण्यातून जमिनीत गेले, हे त्याला समोर दिसत होते. त्याचे हात आपोआप जोडले गेले. कोणाला जोडले ते त्यालाही सांगता आले नसते. मग त्याची नजर खोलीत लोंबणाऱ्या प्लगकडे गेली, आणि जोडलेले हात सुटले.

पाऊस पडलाच नाही. आभाळ आले तसे गेले. फ्रिजचे दार कोणी उघडू नये म्हणून गौतमीची आई त्याला पाठ लावून बसली ती उठली नाही. सकाळी वायरमनने नवा बोर्ड बसवला. आबांनी प्लग लावला. वाडी दाराशी जमली होती. एक घटका काही नाही. मग आत घरघर सुरू झाली. आईने दार किलकिले करून औषधाची बाटली हातात घेतली. ती गार होती. तिने बाटली गालाला लावली आणि पुष्कळ दिवसांनी बोलली. म्हणाली, "गौतमे, हात धुऊन ये."

थोड्या वेळाने शेट आले. चेहरा उतरलेला. त्यांच्या बंगल्यातला टीव्ही, फ्रिज, एसी, सगळे त्या एका क्षणात जळाले होते. सगळ्याची वाढीव वॉरंटी होती. त्यांनी सकाळीच कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, आभाळातली वीज यात धरलेली नाही. हा कागद शेट वर्षानुवर्षे विकत होते, पण हा प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

आबांनी विचारले, "प्लग काढले नव्हते?"

शेट म्हणाले, "आई काढायची. गरजलं की घरभर फिरायची. मीच म्हटलं, आई, सगळ्याची हमी आहे, बस खाली. ती बसली."

शिष्याला हे ऐकवेना. तो आत गेला, पेटीतला कागद आणून त्याने आबांच्या पायाशी ठेवला आणि सगळे सांगितले. कागद फाडू का, असे विचारले.

आबा म्हणाले, "फाडू नकोस. पैसे गेलेत. ठेव. आतले यंत्र आपणहून बिघडले तर कामाला येईल. कागद घेतलास यात पाप नाही. घेतल्यावर तुझा हात उठला नाही, ते वाईट. तुझ्या जागी राखण करायला तू कागद बसवलास, आणि कागदाला गडगडाट ऐकू येत नाही."

शेटने विचारले, "मग मी हे विकू नये म्हणता?"

"विका की. ज्याचे पोट एका यंत्रावर आहे आणि मोडले तर दुसरे आणायची ऐपत नाही, त्याला विका. विकताना त्यात काय धरलेले नाही तेही सांगा. ज्याला मोडले तर नुसती अडचण होईल, त्याला भिववून विकू नका. त्याने ते पैसे घरात ठेवावे, मोडले तर दुरुस्त करावे." आबांनी गौतमीकडे बघितले. "आणि ज्यावर कोणाचा जीव आहे, तिथे हमी पुरत नाही, शेट. तुमचा कागद खोटा नाही. तो यंत्राच्या जागी यंत्र देतो. मधले आठ-पंधरा दिवस देत नाही. या पोरीला तेच हवे आहेत."

शिष्याने शेवटचा प्रश्न विचारला. "पाणी रोज कशाला, आबा? वीज रोज पडत नाही."

"कोणत्या दिवशी पडणार ते कळते का तुला?"

शिष्याने आबांच्या पायाशी ठेवलेला कागद उचलून घेतला.

"ती येणारच," आबा म्हणाले. "तिला येऊ नको म्हणणारे आपण कोण? खाली जायला वाट द्यावी. कोरडा कातळ वाट देत नाही."

शेट जाताना देवळामागे गेले. चपला काढून त्या काळवंडलेल्या जागेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग आईला काही सांगायचे आहे म्हणून घाईने निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिष्य न सांगता विहिरीवर गेला. घागर खांद्यावर घेऊन चढून आला. बाया पाहत होत्या, पण त्या दिवशी कोणी काही विचारले नाही. तो त्या जागेवर गुडघे टेकून बसला, घागर जमिनीशी आणली आणि एक थेंब न उडवता पाणी सोडू लागला. कातळ ते पीत होता. घागर रिकामी झाल्यावर त्याने ओल्या दगडावर तळहात ठेवला आणि आभाळाकडे पाहिले. आभाळ स्वच्छ होते.

दुकानदार विचारील, हमी वाढवून हवी का. आपण आधी स्वतःला विचारावे, हे मोडले तर माझे काय मोडेल.