कान धुण्याची घटका

एका गावात विसाजीशेट नावाचे एक तांबट होते. नदीकाठी त्यांचा कारखाना होता आणि हाताखाली बारा कारागीर. तिथे दिवसभर तांब्याच्या पत्र्यावर हातोडे पडायचे. आवाज असा, की पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकासुद्धा हातवारे करून बोलायच्या.

या कारखान्यात शेटच्या वडिलांपासून एक रीत चालत आली होती. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळे हातोडे खाली ठेवायचे आणि नदीवर जाऊन घटकाभर गप्प बसायचं. बोलायचं नाही, गाणं नाही. तंबाखू मळली तरी चालेल, पण वर टाळी मारायची नाही! याला ते 'कान धुणं' म्हणत.

विसाजीशेट मनाने वाईट नव्हते हो. पण बारा धट्टीकट्टी माणसं पाण्याकडे बघत मुकाट बसलेली दिसली, की त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

एक दिवस राजवाड्यातून सांगावा आला. राजकन्येचं लग्न होतं, वीस दिवसांत पन्नास हंडे हवे होते. हंडे चोख उतरले तर वाड्याचं सगळं काम कायमचं विसाजीशेटकडे येणार होतं. एक जरी गळका निघाला तर वाड्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असंही कारभाऱ्यांनी बजावलं होतं.

शेटनी त्याच दिवशी कान धुणं बंद केलं. "लग्न पार पडलं की महिनाभर धुवा कान," ते म्हणाले. "आत्ता ज्याला झेपत नसेल, त्याने खुशाल घरी बसावं."

आता यावर कोण तोंड उघडणार? बाराही जणांनी माना खाली घातल्या आणि हातोडे उचलले.

पण माणसं कोमेजली तर काम अडेल, हे कळण्याइतके शेट हुशार होते. त्यांनी जागेवरच गूळदाणे वाटले. दुसऱ्या दिवशी ताक पाजलं. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाला नवं मुंडासं दिलं. चौथ्या दिवशी तर कमालच केली. एका कीर्तनकारबुवांना आणून समाधानावर निरूपण लावलं, तेही हातोडे चालू असताना! बुवा घसा फोडून सांगत होते आणि कुणाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मग वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी सगळ्यांच्या कानात तेल घातलं आणि निघताना म्हणाले, "शेट, तेल मी घालतो. हातोडा मात्र तुम्ही थांबवायचा." शेटनी त्यांच्या हातावर विडा ठेवला आणि त्यांना वाटेला लावलं.

कारागिरांत सगळ्यांत जुने होते भिवाकाका. शेटना हातोडा धरायला त्यांनीच शिकवलेलं. तयार झालेला प्रत्येक हंडा त्यांच्यापुढे यायचा. ते त्याला बोटाने टिचकी मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. हंडा पक्का असला तर बराच वेळ घुमतो. कुठे बारीकशी चीर असली तर आवाज बसका येतो. डोळ्यांना न दिसणारी चीर काकांच्या कानांना सापडायची. काका "झकास!" म्हणाले की हंडा पास.

सोळाव्या दिवसापर्यंत चाळीस हंडे झाले. सकाळी कारागीर यायच्या आधी शेट मोठ्या कौतुकाने कोठारात गेले. सहज एका हंड्याला त्यांनी टिचकी मारली. आवाज बसका आला. दुसऱ्याला मारली, तो घुमला. तिसरा पुन्हा बसका! शेटनी तो बाजूला काढला.

तेवढ्यात भिवाकाका आले. शेटनी उसनं हसू आणून तो हंडा त्यांच्यापुढे सरकवला. काकांनी टिचकी मारली, शेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "झकास!"

शेट चक्रावले. ते काकांच्या पाठीमागे गेले आणि त्यांनी हाक मारली, "काका!" उत्तर नाही. मग ते ओरडलेच, "काका!" आढ्यावरची कबुतरं फडफडून उडाली, पण काका जागचे हलले नाहीत.

शेट समोर आले. त्यांनी आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवून विचारलं. काकांनी हंडा हळूच खाली ठेवला.

"आठ दिवस झाले," ते म्हणाले. "कानात नुसतं भणभणतंय."

शेटनी हंड्यांकडे बोट दाखवलं. मग आठ दिवसांतले हे हंडे कसे पारखले?

"तुमच्या तोंडाकडे बघून. तुम्ही खूश दिसलात की मी झकास म्हणायचो. न झेपणाऱ्याने घरी बसावं, असं तुम्हीच म्हणालात ना? या वयात मला दुसरं कोण कामावर ठेवील, शेट?"

शेटचं डोकं आधी तडकलं. मग आपलेच शब्द आठवले आणि राग कुठल्या कुठे गेला. चिरांत लाख भरून हंडे वरून घासूनपुसून दिले, तर लग्नाचे चार दिवस निभावतील, हेही त्यांच्या मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगा, बराच वेळ ते त्या विचारापाशी घुटमळले. मग त्यांनी पायांत वहाणा सरकवल्या आणि तडक वाडा गाठला.

"हंड्यांत खोट निघाली," त्यांनी कारभाऱ्यांना सांगितलं.

"चूक कुणाची?"

भिवाकाकांचं नाव अगदी जिभेवर होतं. "माझी," शेट म्हणाले. "पारखणाऱ्याचे कान मीच घालवले."

कारभारी काही विरघळले नाहीत. "खात्रीचे तीस आणा. उरलेले दुसऱ्या गावाहून मागवतो. आणि कायमच्या कामाचं विसरा."

शेट परत आले आणि त्यांनी तीन दिवस कारखाना बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी भिवाकाकांचा उजवा कान उघडला. त्यांनी चाळीसही हंडे पुन्हा पारखले. एकतीस पक्के निघाले. त्यांतले तीस वाड्यावर गेले आणि एकही गळला नाही.

डावा कान मात्र उघडला नाही. वैद्यबुवांनी खूप उपाय केले आणि शेवटी मान हलवली.

कान धुणं पुन्हा सुरू झालं. आता हातोडे खाली ठेवायला सांगायचे ते शेटच, आणि नदीवर पुढे चालायचे तेही शेटच. कान दुखतोय, असं कुणी सांगितलं तर त्याला दुसरं काम मिळे, बोलणी मिळत नसत.

भिवाकाकांशी काही बोलायचं असलं, की शेट वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला जात. तो वळसा त्यांना जन्मभर घालावा लागला.

तात्पर्य: राबणाऱ्याला वेळेवर विसावा द्यावा आणि 'मला त्रास होतोय' हे त्याला न भिता सांगता यावं; नुसते गूळदाणे वाटून यातलं काहीच भागत नाही.