गाळातला दांडा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी कधीची, ते विचारू नका. ट्रॅक्टर तेव्हाही होते, एवढंच सांगतो.

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती. मधे ये-जा करायला लाकडी साकव. अलीकडच्या गावचा मुखिया भुजंगराव कष्टाळू होता, पण भारी संशयी.

एकदा नदीकाठी विहीर खणताना मजुरांना गंजलेला लोखंडी दांडा लागला. जाडजूड, टोकाला दाते. तो बघताच भुजंगराव चरकला.

"हत्यार आहे हे! पलीकडच्यांनी पुरून ठेवलंय. आणखीही असतील."

"मालक, आधी कुणा जाणत्याला दाखवू या," मजूर म्हणाले.

"दाखवायचं काय त्यात? दाते दिसत नाहीत?"

त्यानं तडक साकव तोडायला लावला आणि खड्डा आणखी रुंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी एक भलं मोठं चाक निघालं. मग लोखंडी आसन. आणि आसनाखालच्या गाळात माणसाची हाडं!



तेवढ्यात काठी टेकत हौसाआजी आली. ती पलीकडची लेक, अलीकडची सून. तिनं दांड्यावरून हात फिरवला. मधल्या जोडावर तिची बोटं थांबली.

"हा ट्रॅक्टरचा दांडा. मागची चाकं यावर फिरायची. मोडला तेव्हा माझ्या बापानंच हा जोड दिला. मी भाता ओढत होते."

"पण तो इथं कसा?" भुजंगरावानं विचारलं.

"या गावात पूर शिरला होता, बाबा. माणसं काढायला माझा बाप ट्रॅक्टर घेऊन आला. तुझा बाप तेव्हा पाळण्यात होता, त्याला पहिल्या खेपेत टेकडीवर नेलं. शेवटच्या खेपेला आला, तो परतलाच नाही."



आजीनं हाडं पदरात गोळा केली आणि फडक्यात बांधली. "चला, साकवावरून नेते त्याला घरी."

पण साकव तर कालच तोडला होता.

शेवटी भुजंगरावानं ते गाठोडं डोक्यावर घेतलं आणि छातीभर पाण्यात उतरला. साकव तोडल्यानं चिडलेले लोक पलीकडे काठ्या घेऊन उभे होते. गाठोड्यात कोण आहे, हे सांगताना तो ढसाढसा रडला.

साकव त्यानं पुन्हा बांधला. पण पलीकडचं कुणी कितीतरी वर्षं त्यावर पाऊल ठेवेना.

बोध हाच: वस्तू ओळखण्याआधी जो वैरी ठरवतो, तो आपल्याच उपकारकर्त्यावर घाव घालतो.