गोमीचे बेचाळीस पाय

फार जुनी गोष्ट. रानात काटे माजले, म्हणून सुगरणीने सगळ्यांना गवताच्या वहाणा विणून द्यायचं ठरवलं. कुणाला पाय किती, ते सुतारपक्षी खोडावर चौकटी आखून कोरू लागला.

गोम आली. म्हणाली, “माझे बेचाळीस!”

सुतारपक्षी अडखळला. “चौकटीत एकच आकडा मावतो, गोमाबाई. नऊ लिहू?”

“आणि उरलेले तेहेतीस पाय काट्यांत घालू का, भाऊ?”

तिचे ओरखडलेले पाय पाहून तो ओशाळला. “पाय बरोबर आहेत, चौकटच माझी तोकडी,” म्हणत त्याने सगळ्या चौकटी रुंद केल्या आणि बेचाळीस कोरले.

आठ दिवसांनी गोम नव्या वहाणा घालून रानभर नाचली. ते पाहून वाणी किडा लगबगीने आला.

“भाऊ, माझे तीनशे आहेत!”

सुतारपक्षी खळखळून हसला आणि चोचीला धार लावू लागला.